स्वच्छतागृह आहे, पाणी नाही

माझ्या कामाच्या भागातील एका वस्तीशाळेत मुलींचे स्वच्छतागृह आहे, पण दाराला कुलूप. कारण पाणी नाही. पाळीच्या दिवसांत सातवीतल्या मुली घरीच राहतात. कागदावर मात्र काम ‘पूर्ण’!

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. ती मागणी आपण सोडायची नाहीच. पण आलेला पैसा कशावर जातो? समग्र शिक्षा योजनेत शाळेचे अनुदान पटसंख्येवर ठरते. लहान शाळेला थोडे मिळते. पाणी, वीज, साफसफाईचा खर्च मात्र पटाबरोबर कमी होत नाही. तो गरजेनुसार द्यावा, देखभालीची तरतूद वेगळी असावी.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक केले. शाळेचा विकास आराखडाही समितीनेच करायचा आहे. प्रत्यक्षात मी पाहते, रजिस्टर घरी येते आणि आई सही करते.

मैत्रिणींनो, बचतगटाचा पैन्‌पैचा हिशोब ठेवणाऱ्या बायांना हा जमाखर्च जड नाही. तो बैठकीत मोठ्याने वाचायला लावू या. आणि सहीआधी विचारू या : पाणी कुठे आहे?