मोफत शाळेतील विकतचे सूर

अमेरिकेतील ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे आपल्याकडील धनिकांच्या मुलांची भरमसाट फी घेणारी शाळा नव्हे. जनतेच्या करातून चालणारी आणि वस्तीतील कोणत्याही मुलाला विनाशुल्क प्रवेश देणारी ती शाळा होय. कॅलिफोर्निया राज्याच्या १८७९ च्या घटनेतच अशा मोफत शाळांची हमी दिलेली आहे. असे असता, सान्ता बार्बरा या शहराच्या हायस्कूल मंडळाने १९८० साली आपल्या अंदाजपत्रकाला अकरा लक्ष डॉलरांची कात्री लावली आणि शाळेत गाणाऱ्या-वाजविणाऱ्या मुलांपुढे बिल ठेवले. समूहगायनासाठी २५ डॉलर, वाद्यवृंदासाठी २५ डॉलर, नाटकासाठी पुन्हा २५ आणि खेळाच्या प्रत्येक संघासाठी आणखी २५! वर्गात बसणे तेवढे मोफत राहिले.

पैसा गेला कोठे? महागाई आणि घटती विद्यार्थीसंख्या ही कारणे मंडळाने सांगितली, ती खोटी नव्हती. परंतु खरा घाव घातला होता तो जून १९७८ मध्ये सार्वमताने संमत झालेल्या ‘तेराव्या प्रस्तावा’ने. या प्रस्तावाने मालमत्ता कर एक टक्क्यावर गोठविला, मूल्यांकन १९७५ च्या पातळीवर मागे नेले आणि पुढील वाढ वर्षाला दोन टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे बंधन घातले. शाळांना पोसणाऱ्या या कराचे उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून अधिक घटले. प्रस्तावाचा प्रमुख प्रचारक हॉवर्ड जार्विस हा लॉस एंजेलिसमधील इमारतमालकांच्या संघटनेचा पदाधिकारी होता, ही गोष्ट विसरता कामा नये. घरांच्या किमती भडकल्याने वाढत्या कराखाली घर जाईल ही सामान्य कामगाराची आणि वृद्धाची भीती खरीच होती. तिचा उपयोग करून घेण्यात आला. कराचे छत्र झोपडीवर धरण्याचे निमित्त सांगून ते कारखान्यांवर, कचेऱ्यांच्या मनोऱ्यांवर आणि भाड्याच्या चाळींवरही धरले गेले.

मंडळाच्या समर्थकांचा पहिला युक्तिवाद असा की, संगीत हा ‘अभ्यासेतर’ उपक्रम आहे आणि घटनेने हमी दिली ती शिक्षणाची. हा युक्तिवाद करणाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या जेफरसन हायस्कूलचा इतिहास पाहावा. सेंट्रल अॅव्हेन्यूच्या परिसरातील या शाळेत १९३६ साली सॅम्युएल ब्राऊन हे संगीतशिक्षक रुजू झाले. त्या शहराच्या माध्यमिक शाळांतील पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षकांपैकी ते एक होत. प्रतिष्ठित वर्तुळांत जाझला हीन लेखले जात होते, त्या काळात त्यांनी शाळेत जाझ वाद्यवृंद उभा केला, गावात आलेल्या नामवंत वादकांना मुलांपुढे आणून उभे केले आणि त्याच मुलांना स्वरलेखन व सिद्धांतही शिकविला. डेक्स्टर गॉर्डन, आर्ट फार्मर, होरेस टॅपस्कॉट हे तेथील विद्यार्थी. वर्णद्वेषाने ज्या वस्तीभोवती भिंती उभारल्या होत्या, त्या वस्तीतील मुलांना जगाच्या संगीतात स्थान मिळाले ते एका मोफत शाळेच्या खोलीतून. याला शिक्षण म्हणावयाचे नाही, तर मग कशाला म्हणावयाचे?

दुसरा युक्तिवाद अधिक गोड आणि म्हणून अधिक घातक आहे. तो असा : गरिबांना फी माफ आहे, मग तक्रार कसली? सान्ता बार्बरात खरोखरच शुल्कमाफी होती. परंतु माफी मिळवावयाची तर मुलाने प्रथम आपण दरिद्री असल्याचे सिद्ध करावयाचे! सोबतच्या मुलाने पैसे मोजून तुतारी हाती घ्यावी आणि गिरणीकामगाराच्या किंवा मोलकरणीच्या मुलाने अर्ज करून, नजर खाली घालून घ्यावी. शिवाय माफीच्या मर्यादेच्या किंचित वर असलेली, दोन-तीन मुले शिकविणारी कुटुंबे आहेतच. तेथे बाप हिशेब करतो आणि मूल स्वतःहून म्हणते, मला गाण्याची आवड नाही.

एका पालक महिलेने व शुल्कविरोधी संघटनेने न्यायालयात धाव घेतली. खालच्या न्यायालयाने मंडळाच्या बाजूने कौल दिला. तथापि २० एप्रिल १९८४ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘हार्टझेल विरुद्ध कॉनेल’ या खटल्यात हे शुल्क घटनाबाह्य ठरविले. मुख्य न्यायाधीश रोझ बर्ड यांच्या निकालपत्राचा आशय स्पष्ट होता : हे उपक्रम शिक्षणाचे अंग आहेत, मुलाचे शिक्षण कुटुंबाच्या खिशावर सोपविता येत नाही, आणि माफीची सोय केल्याने फी वैध ठरत नाही.

निकाल उत्तम, पण त्याने तिजोरी भरली नाही. फी घेता येत नाही तर शिक्षक कमी करा, वाद्ये कुलपात ठेवा, असा मार्ग अनेक मंडळांनी पत्करला. सुखवस्तू वस्त्यांत पालकांची मंडळे ‘स्वेच्छा देणगी’ गोळा करून वाद्यवृंद चालवू लागली आणि गरीब वस्त्यांत संगीताची खोलीच बंद झाली. बेकायदा फीही मागील दाराने परत आली. ती इतकी की २०१० मध्ये पुन्हा खटला भरावा लागला आणि २०१२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

नोव्हेंबर २०२० मध्ये मोठ्या व्यापारी मालमत्तांना तरी बाजारभावाने कर लावावा असा प्रस्ताव मतदारांपुढे आला, तो थोडक्या मतांनी पडला. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, शाळांतील संगीत व कलांसाठी वर्षाला सुमारे नव्वद कोटी डॉलरहून अधिक रकमेची तरतूद करणारा अठ्ठाविसावा प्रस्ताव जनतेने मोठ्या बहुमताने संमत केला. संगीत ही चैन आहे असे सांगणाऱ्यांना जनतेने दिलेले हे उत्तर. पण पैसा आला तो राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून. इमारतमालकांच्या १९७८ च्या सवलतीतील एक सेंटही कमी झाला नाही. कायद्याची अट अशी की हा पैसा चालू खर्चात जिरविता कामा नये, त्यातून नवे शिक्षक नेमले पाहिजेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या शाळामंडळावर, ही अट धाब्यावर बसविल्याच्या आरोपावरून, खटला गुदरण्यात आला. गुदरणाऱ्यांत विद्यार्थ्यांची कुटुंबे आहेत आणि तो प्रस्ताव लिहिणारा त्याच मंडळाचा माजी अधीक्षकही आहे.