लोकल आयडी? नो रूम!

पुण्यात कुणालाही ‘मी शिरूरची’ असं सांगून बघा. पुढचा डायलॉग ठरलेला. ‘शिरूर... म्हणजे नगर रोडला ना? बाप रे, बरंच लांबून येतेस गं!’ डेक्कन-कोथरूडवाल्यांच्या लेखी आम्ही पक्के गावाकडचे. आम्हाला बिनशर्त पुणेकर मानणारं एकच ठिकाण मला आजवर सापडलंय. विमानतळाजवळच्या बजेट लॉजचं काउंटर! आणि तिथे पुणेकर असणं हा चक्क गुन्हा आहे, बॉस.

थांबा, सांगते.

मुळात शिरूरच्या माणसाला लॉज लागतोच कशाला? तर पहाटेच्या फ्लाइटसाठी. समजा, विमान 5.40 चं आहे. चेक-इनचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. म्हणजे बॅगा, रांगा, सिक्युरिटी धरून साडेतीन-पावणेचारला टर्मिनलवर हजर राहिलेलं बरं. शिरूर ते लोहगाव अंतर साधारण 60 किलोमीटर. कागदावर काहीच नाही! पण मध्ये रांजणगाव एमआयडीसीचे ट्रेलर, शिक्रापूरचा चौक आणि मग साक्षात वाघोली. तिथे किती वेळ जाईल, हे गूगललाही तिथे पोचल्यावरच कळतं. म्हणून घरातून निघायचं रात्री दीडला. तुमची झोप गेली, ती गेलीच. पण गाडी चालवणाराही जागाच असतो आणि हायवेच्या कडेला अंधारात बंद पडलेले ट्रक उभे असतात. ही रिस्क पैसे वाचवण्यासाठी घेण्यासारखी नाही. दौंडकरांना ट्रेन आहेत. पण रात्रीची ट्रेन विमानाच्या वेळेशी जुळवा आणि पुणे स्टेशनवरून पुन्हा रिक्षा शोधा. सारखाच ताप.

त्यापेक्षा आदल्या रात्री विमाननगर नाहीतर लोहगाव गाठायचं. दहा बाय दहाची खोली, एक ट्यूबलाइट, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रिमोट, बाथरूममध्ये बादली आणि मग. डोक्यावरून अधूनमधून विमान जातं. चालतंय की! आपण इथे राहायला आलेलोच नसतो. आपण चार-पाच तासांची झोप विकत घ्यायला आलेलो असतो.

मोटेलचा जन्मही असाच झाला. 1925 मध्ये कॅलिफोर्नियात सॅन लुइस ओबिस्पो या गावी पहिलं मोटेल उघडलं. लॉस एंजलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या साधारण मधोमध. त्या काळी गाडीने एका दिवसात सगळा रस्ता कापणं अवघड होतं, म्हणून वाटेत पाठ टेकायला जागा. फंडा सिंपल आहे. घर लांब, वेळ अडनिडी, मध्ये एक खोली.

आपल्याकडे या फंड्याला एक फाटा फुटलाय.

लॉकडाउननंतर मी घरी शिरूरला आले आणि तिथूनच फ्रीलान्सिंग करते. गेल्या हिवाळ्यात दिल्लीला एका कामासाठी पहाटेचं विमान होतं. अ‍ॅपवरून खोली बुक केली, पैसे आधीच भरले. रात्री दहाला बॅग घेऊन काउंटरवर. तिथल्या मुलाने आधार कार्ड उलटसुलट बघितलं.

‘मॅडम, लोकल आयडी चालत नाही.’

‘अहो, लोकल कसलं? शिरूर आहे. 60 किलोमीटर!’

‘जिल्हा पुणेच लिहिलंय ना?’

मी बोर्डिंग पास दाखवला. पहाटेचं विमान दाखवलं. एकटीच आहे, हे त्याला दिसतच होतं. त्याने शांतपणे मागच्या पाटीकडे बोट केलं. पाटीसमोर कुणाचं काय चालणार? तेवढ्यात पप्पांचा फोन. ‘पोचलीस का गं? खोली बरी आहे ना?’ मी ‘हो’ म्हणाले. साठ किलोमीटरवर बसलेल्या माणसाला रात्री दहाला दुसरं काय सांगणार? मग बॅग ओढत रस्त्यावर. दुसऱ्या लॉजवरही हीच पाटी. तिसऱ्या ठिकाणी काकांनी बोर्डिंग पास बघितला, रजिस्टर पुढे केलं आणि विचारलं, ‘किती वाजता उठवू?’ त्या रात्री याहून सुंदर वाक्य दुसरं नव्हतं.

आता गंमत बघा. शिरूरला घोड नदीचा पूल ओलांडला की अहिल्यानगर जिल्हा लागतो. म्हणजे माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर राहणारी मैत्रीण ‘बाहेरगावची’ ठरते आणि तिला खोली मिळते. मी मात्र लोकल! जुन्नर, आंबेगाव, दौंड सगळे लोकल. इंदापूर तर पुण्यापासून 130 किलोमीटरच्या पुढे, तेही लोकल!

लॉजवाल्यांची बाजूही ऐकली. त्यांना भीती असते ती गावातल्याच जोडप्यांची, मग पोलिसांच्या चौकशीची, रजिस्टर तपासणीची. डोक्याला शॉट नको, म्हणून सरसकट पाटी लावून मोकळे. पण जोडप्यांचं म्हणाल, तर दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय हॉटेलात खोली घेण्यावर बंदी घालणारा कायदाच नाही, असं मद्रास हायकोर्टाने 2019 मध्येच सांगितलंय. ओळखपत्र बघणं, रजिस्टरमध्ये नोंद करणं एकदम मान्य. पण ओळखपत्र बघून माणूस कोण ते कळावं, त्याला बाहेर काढता यावं म्हणून ते नसतं ना! आणि ‘घर जवळ असताना खोली कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर विमानतळाजवळ तर प्रत्येकाच्या मोबाइलमध्येच असतं. तिकिटावर वेळ छापलेली असते, राव.

लोहगावला नवं टर्मिनल जुलै 2024 मध्ये सुरू झालं. चकाचक आहे. पण या विमानतळावर फक्त शहरातले लोक येत नाहीत. रांजणगाव-सणसवाडीच्या कंपन्यांतली पोरं ट्रेनिंगला जातात, दौंड-बारामतीचे आईबाप मुलांकडे जातात. त्यांच्यासाठी आदल्या रात्रीची स्वस्त खोली ही चैन नाही, तो प्रवासाचाच भाग आहे.

पाट्या उतरेपर्यंत काय करायचं? अ‍ॅपवर लोकल आयडीबद्दल काय लिहिलंय, ते पैसे भरण्याआधी वाचा. मग लॉजवर थेट फोन लावून एकच प्रश्न विचारा, ‘पुणे जिल्ह्याचं आधार चालेल का?’ आणि उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. आधारची कॉपी देताना मास्क्ड आधार द्या. त्यावर फक्त शेवटचे 4 आकडे दिसतात. बिलही बघा. सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 12 नव्हे, 5 टक्के आहे. पहाटेची कॅब रात्रीच सांगून ठेवा.

आणि लॉजवाल्या दादांनो, पाटी ठेवायचीच असेल तर खाली एक ओळ तेवढी वाढवा. ‘बोर्डिंग पास असल्यास स्वागत.’ नाहीतर खोलीसाठी आम्हाला आधारवरचा पत्ता घोड नदीच्या पलीकडे न्यावा लागेल!