मोटारींतील गारवा जातो कोठें?

उन्हाळा आला कीं पुष्कळ घरांतून एकच तक्रार ऐकूं येते: 'गतवर्षींच गॅस भरला, तरी यंदां मोटारींत गारवा नाहीं.' मग गाडी गॅरेजांत जाते, गॅस पुन्हां भरला जातो आणि पुढील चैत्रांत तोच प्रसंग पुन्हां उभा राहतो. ह्या वार्षिक दक्षिणेस आमची हरकत आहे.

पेट्रोल जळून संपतें. गॅस तसा संपत नाहीं. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढल्या जाळीशीं असलेल्या कंडेन्सरमध्यें तो उष्णता टाकून द्रवरूप होतो, आणि डॅशबोर्डामागील कूलिंग कॉईलमध्यें पुन्हां वायुरूप होतांना गाडींतील उष्णता शोषून घेतो. लहान गाडींत हा सारा ऐवज सुमारें अर्धा किलो. रबरी नळ्यांतून तो वर्षानुवर्षें किंचित् झिरपतो, हें खरें. परंतु एकाच वर्षांत गारवा नाहींसा झाला, तर गळती आहे असेंच बहुधा समजावें. फुटक्या घागरींत पाणी ओतीत राहणें हा कांहीं उपाय नव्हे.

गॅस डोळ्यांस दिसत नाहीं; पण त्याच्यासवें कॉम्प्रेसरचें तेलही फिरतें, व तें चहाडी करतें. नळीच्या सांध्यावर किंवा कंडेन्सरवर तेलकट धूळ बसलेली दिसली, तर संशय तेथेंच घ्यावा. रस्त्यावरील खडे कंडेन्सरलाच प्रथम लागतात. सांध्यांतील रबरी कड्या जुन्या होऊन कडक होतात. कॉम्प्रेसरच्या दांड्याचें सीलही झिजतें. गाडीखालीं ठिबकणारें स्वच्छ पाणी मात्र गळती नव्हे. तें हवेंतील बाष्पाचें पाणी होय.

संशयाच्या जागीं कारागीर साबणाचें पाणी लावतो; मोठी गळती बुडबुड्यांनीं उघड होते. सूक्ष्म गळतीसाठीं तेलांत रंगद्रव्य मिसळतात, आणि कांहीं दिवसांनीं अतिनील दिव्याखालीं तें चमकूं लागतें. विजेच्या शोधकयंत्राचें टोंक सांध्याच्या खालच्या बाजूनें फिरवावें, कारण हा वायु हवेहून जड असतो. गॅस निघून गेला असल्यास कोरडा नायट्रोजन भरून दाब टिकतो कीं नाहीं, हें पाहतात. केवळ निर्वात करून झालेल्या परीक्षेवर विसंबूं नये: तींत बाहेरची हवा आंत ओढली जाते, तर प्रत्यक्षांत वायु आंतून बाहेर, वातावरणाच्या दहापटींहून अधिक दाबानें रेटीत असतो.

प्रश्न केवळ पैशांचा नाहीं. पूर्वीचा आर-१२ हा वायु ओझोनचा थर विरविरीत करतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानें त्यास निरोप देण्यास आरंभ झाला. त्याच्या जागीं आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाहीं; परंतु पृथ्वीचें तापमान वाढविण्यांत तो कर्बवायूहून, वजनास वजन, हजारपटींपेक्षां अधिक समर्थ आहे. आपल्या चार घटकांच्या गारव्यासाठीं नातवंडांचें आकाश तापवावें काय?

म्हणून आमच्या वाचकांस विनंति एवढीच: 'गॅस भरा' असें न सांगतां 'गळती शोधा, ती दाखवा, मग भरा' असें सांगावें. हिंवाळ्यांतही आठवड्यास दहा मिनिटें यंत्र चालवावें. त्यामुळें सील तेलानें ओलें राहतें. नळ्यांच्या टोपणांस मात्र घरच्या घरीं हात लावूं नये. उडालेल्या द्रवानें कातडी गोठते व डोळ्यांस इजा होते.