वाक्य आपले असू द्या

२०२० साली वर्ग मोबाइलवर भरले आणि गृहपाठात नक्कल करणे सोपे झाले. आता चॅटजीपीटी तर अख्खा निबंधच लिहून देतो. दोष केवळ मुलांचा नाही. आपले प्रश्नही तसेच असतात. ‘सयाजीराव महाराजांचे शिक्षणकार्य’ असा विषय दिला, की विकिपीडियाचा मजकूर उतरतो. त्याऐवजी विचारावे : १९०६ साली बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले; तुमच्या घराण्यात पहिल्यांदा शाळेत कोण गेले? आजीला विचारून लिहा. हे उत्तर इंटरनेटवर सापडत नाही. निबंध गूगल डॉक्समध्ये लिहून घेतल्यास ‘व्हर्जन हिस्टरी’त मसुदा कसा घडला ते पाहता येते. मग दोन मिनिटे तोंडी विचारावे. पालकांनो, गुण दोन कमी पडले तरी चालतील. वाक्य मात्र मुलाचे स्वतःचे असू द्या.