मोटारीची गाळणी : कागदी कीं सुती ?

आपल्या तुळजापुरास मोटारींचा तोटा नाहीं. नवरात्र लागलें कीं सोलापूर, धाराशिव, लातूर या तिन्ही वाटांनीं भाविकांच्या गाड्यांची रांग लागते, आणि भाड्यानें चालणाऱ्या गाड्यांचे मालक व चालक आमच्याच शाळेंतील कित्येक मुलांचे वडील, काका किंवा मामा असतात. ज्या कुटुंबाचा संसार एका डिझेल गाडीच्या चार चाकांवर चालतो, त्याला त्या गाडीच्या इंजिनाचें आरोग्य ही कांहीं हौसेची बाब नव्हे. म्हणूनच वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या एका वस्तूविषयीं दोन शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे इंजिनाची हवेची गाळणी, जिला गॅरेजांत एअर फिल्टर म्हणतात.

कारखान्यांतून गाडी येते तेव्हां तिच्यांत बहुधा घड्या घातलेल्या कागदाची गाळणी असते. ती मळली म्हणजे टाकून नवी घालावयाची. बाजारांत दुसऱ्या प्रकारचीहि एक गाळणी मिळते. तारेच्या दोन जाळ्यांमध्यें विरळ सुती कापडाचे थर असतात व ते तेलानें भिजविलेले असतात. ही गाळणी धुवावी, वाळवावी, तिला पुन्हां तेल द्यावें आणि पुन्हां बसवावी. कॅलिफोर्नियांत १९६९ सालीं स्थापन झालेल्या के अँड एन या कंपनीनें या प्रकारास जगभर नांव मिळवून दिलें. विकणारे सांगतात कीं, एकदां घेतली म्हणजे गाडीच्या जन्माची काळजी मिटली; शिवाय हवा मोकळी येते, जोर वाढतो आणि डिझेल कमी लागतें. किंमत कागदी गाळणीहून पुष्कळ अधिक, परंतु ती एकदांच. हें ऐकून काटकसरी माणसास मोह पडावा यांत नवल नाहीं. आमचें मत मात्र असें आहे कीं, आपल्या भागांत डिझेल मोटारीस ही अदलाबदल हिताची नाहीं. तें कां, हें क्रमानें सांगतों.

प्रथम इंजिन किती हवा ओढतें तें पाहूं. फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत आपल्या पोटांत मावेल इतकी हवा एकदां घेतें. दीड लिटरचें इंजिन मिनिटास २००० फेरे घेत असेल, तर तें मिनिटाला १५०० लिटर, म्हणजे तासाला ९०,००० लिटर हवा घेईल. टर्बो असेल तर याहूनहि अधिक. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सहा ते आठ लिटर हवा घेतो. म्हणजे सोलापुरास जाऊन येणारी एक गाडी दोनशे माणसांइतका श्वास घेत असते, आणि तोहि अशा उंचीवरून कीं, जेथें पुढच्या मालमोटारीनें उडविलेली धूळ अद्याप खालीं बसलेली नसते.

आतां जोर वाढण्याची गोष्ट. पेट्रोलच्या इंजिनांत चालकाच्या पायाखालच्या पेडलानें हवेचें दार उघडतें. डिझेलच्या इंजिनांत त्यानें डिझेलचें प्रमाण वाढतें. डिझेल इंजिनास हवा सामान्यतः गरजेहून अधिकच मिळत असते, आणि आजच्या गाड्यांत टर्बो ती दाबून भरतो. तेव्हां स्वच्छ कागदी गाळणीचा जो अल्प अडथळा असतो, तो दूर केल्यानें रोजच्या चालींत हातीं लागण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं. अमेरिकेंतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २००९ सालीं तीन नव्या धर्तीच्या व एका जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीवर प्रयोग केले. नव्या गाड्यांची गाळणी मुद्दाम कोंडली तरी इंधनाच्या खर्चांत लक्षांत घेण्याजोगा फरक पडला नाहीं. वेग घेण्याची शक्ति मात्र मंदावली. हे प्रयोग डिझेलच्या गाड्यांवर नव्हते हें खरें. तथापि गाळणीचा व इंधनाचा संबंध जाहिरातींत दिसतो तितका सरळ नाहीं, एवढें त्यांवरून उमगतें. एक स्वच्छ गाळणी काढून दुसरी स्वच्छ गाळणी घातल्यानें डिझेलचे पैसे वांचतील, ही आशा दुबळीच म्हटली पाहिजे.

नफा असा संशयास्पद. आतां तोटा पाहूं. आपल्याकडे पाणी वस्त्रगाळ करून पिण्याची रीत जुनी आहे, आणि ती आंधळी नव्हे. बांगलादेशांतील मतलब या भागांत जुन्या साडीच्या घडींतून पाणी गाळण्यास शिकविल्यावर पटकीची लागण शेकडा ४८ नें उतरली, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. जुन्या साडीची निदान चार पदरी घडी केली म्हणजे तिचीं छिद्रें सुमारें २० मायक्रॉनचीं होतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पटकीचे जंतु ज्या सूक्ष्म जलचरांस चिकटून राहतात ते याहून मोठे, म्हणून ते फडक्यांत अडकतात. यांतला धडा असा कीं, गाळणी चांगली कीं वाईट हें ती कशाची केली आहे एवढ्यावरून ठरत नाहीं. जें अडवावयाचें तें किती मोठें आहे, यावरून ठरतें.

इंजिनाचा शत्रु या जलचरांहून पुष्कळ लहान आहे. पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांमधील तेलाचा थर अवघ्या कांहीं मायक्रॉनांचा असतो. मोठा खडा गाळणींत सहज अडकतो. परंतु त्या थरांत शिरेल इतका बारीक आणि तरी त्याहून किंचित् जाड असा जो कण, तोच दोन्ही अंगांस ओरखडे काढतो. आपला बालाघाट काळ्या पाषाणाचा. खनिजांचें काठिण्य मोजण्याचें दहा अंशांचें जें माप आहे, त्यांत या पाषाणांतील मुख्य खनिजें सहाच्या आसपास व गारगोटी सातवर येते. ओतीव लोखंड त्यांच्या खालीं राहतें. खडी फोडण्याच्या यंत्रांची भुकटी, रस्त्याच्या कामाची माती, उन्हाळ्याच्या तोंडीं ज्वारीच्या मळणीचा भुसा, आणि पाऊस बेताचा. अशा मुलखांत धुळीला वर्षांतले फार थोडे महिने सुट्टी असते.

विरळ सुती कापड धूळ धरतें तें मुख्यतः तेलाच्या चिकटपणानें. कागदाचे तंतु मात्र स्वतःच दाट विणीचे असतात. म्हणून मोकळी हवा देणारी गाळणी बहुधा बारीक धूळहि अधिक मोकळेपणानें आंत सोडते. येथें विद्यार्थ्यांनीं एक साधें गणित करून पाहावें. समजा, एक गाळणी शंभरांपैकीं ९९ भाग धूळ अडविते व दुसरी ९७ भाग. ९९ व ९७ यांत अंतर दोनाचेंच दिसतें, आणि विकणारा तेवढेंच दाखवितो. परंतु इंजिनास अडलेल्या धुळीशीं कर्तव्य नसतें, आंत आलेल्या धुळीशीं असतें. एकींतून एक भाग आला, दुसरींतून तीन. म्हणजे धूळ तिप्पट झाली! परीक्षेंत ९९ व ९७ गुण मिळविणारीं दोन मुलें सारखींच हुशार; पण गाळण्यांचें तसें नाहीं.

यावर मनुष्यस्वभावाची अडचण आहेच. सुती गाळणी धुतल्यावर ती पूर्ण वाळली पाहिजे, आणि नंतर तेल बेतानें व सर्वत्र सारखें लागलें पाहिजे. तेल कमी पडलें तर कोरड्या जागेंतून धूळ आंत जाते. अधिक झालें तर त्याचा अंश हवेबरोबर पुढें ओढला जातो व हवा मोजणाऱ्या नाजुक तारेवर बसतो. आजच्या डिझेल गाडींत धुराचा कांहीं भाग पुन्हां इंजिनांत किती घ्यावा, हें याच मापावर अवलंबून असतें. माप चुकलें कीं धूर वाढतो, जोर घटतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी आणखी एक गाळणी धुराच्या नळींत असते. अशा बिघाडाचा भार तिच्यावरहि पडतो. नवरात्रांत रात्रंदिवस फेऱ्या करणारा चालक गाळणी वाळेपर्यंत गाडी उभी ठेवील काय, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

कोणी म्हणेल, "शेतकऱ्याच्या जुन्या ट्रॅक्टरला तेलाच्या भांड्याची गाळणी असे, तींतलें तेल बदलून ती वर्षानुवर्षें वापरीत. मग धुवून वापरण्यास दोष कां?" आक्षेप रास्त आहे. धुवून वापरणें हा दोष नव्हेच. त्या गाळणीसाठीं ट्रॅक्टरची रचनाच केलेली असे, आणि तेलांत चिखल सांचलेला शेतकऱ्यास डोळ्यांनीं दिसे. मोटारींत मात्र एका रचनेच्या जागीं आपण दुसरी बसवितों, आणि ती चुकली तर ताबडतोब कांहींच दिसत नाहीं. शर्यतीच्या गाडीचें इंजिन वरचेवर उघडलें जातें. तेथें सुती गाळणी शोभेल. आपलें इंजिन कैक वर्षें न उघडतां चालावें अशी आपली इच्छा असते. दुसरेंहि कबूल केलें पाहिजे : कागदी म्हणून मिळणारी प्रत्येक गाळणी उत्तम नसते. कडेस सैल बसणारी नकली कागदी गाळणी ही नीट बसलेल्या सुती गाळणीहून वाईट.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं भाड्याच्या गाडीस अशी सुती गाळणी घातली. दोन वर्षांत इंजिन तेल पिऊं लागलें व निळा धूर सुटला. मिस्त्रीनें गाळणीच्या पुढची नळी काढून आंत बोट फिरविलें, तों बोटावर पिठासारखी धूळ आली. दोष कापडाचा, धुणाऱ्या हाताचा कीं नीट न बसलेल्या कडेचा, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. इंजिनाच्या कामास जो पैसा लागला, तो मुलीच्या कॉलेजसाठीं ठेविलेला होता, एवढें मात्र ठाऊक आहे. कागदी गाळणीचे वांचविलेले पैसे त्यापुढें किती?

तेव्हां पालकांस आमची विनंति अशी. गाडीसोबतच्या पुस्तिकेंत सांगितलेली कागदी गाळणी भरंवशाच्या दुकानांतून घ्यावी, आणि धुळीच्या मुलखासाठीं जी जवळची मुदत दिली असेल ती पाळावी. तथापि दर आठवड्यास ती काढून झोडपूं नये व तीवर जोराची हवा मारूं नये. कागदास बारीक भोंक पडलें तर तें दिसतहि नाहीं. शिवाय थोडी धूळ बसलेला कागद नव्याहून बारीक गाळतो.

आणि विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुट्टींत इंजिन बंद व गार असतांना वडिलांबरोबर गाळणीची पेटी उघडा. गाळणीच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूस, स्वच्छ पांढरें फडकें हलकेंच पुसा. फडकें पांढरेंच निघालें तर गाळणी आपलें काम करीत आहे. त्यावर मातीचा डाग आला, तर गाळणी कागदी असो कीं सुती, त्याच दिवशीं गाडी मिस्त्रीकडे न्या. जाहिरातीपेक्षां त्या फडक्यावर विश्वास ठेवा.