आजीच्या हातचा घास



मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतली आपली मुले गावाकडे निघतात. आई चार घरची कामे करते, वडील रिक्षा चालवतात नाहीतर कंपनीत कंत्राटावर असतात. सुट्टीभर मुलांकडे बघणार कोण? मग आजी, मावशी, आत्या. पाळणाघराचे पैसे आपल्याला परवडत नाहीत, आणि आजी असताना पाळणाघर कशाला, असेच आपण म्हणतो. आपल्या कष्टकरी घरांचा संसार या नात्यांच्या भरवशावरच चालत आला आहे.

पण ज्या घरात एखाद्या मुलाला खाण्याच्या पदार्थाची तीव्र ॲलर्जी आहे, त्या घरातल्या आईला हा भरवसा इतका सोपा राहत नाही. आज अशाच एका घराची हकिकत सांगते. नावे सांगत नाही, कारण दोष कुणाला द्यायचा नाही.

कुर्ल्याला राहणारी ही भगिनी इमारतींच्या साफसफाईचे काम करते. मुलगा दोन वर्षांचा असताना शेजारच्या मुलीने प्रेमाने त्याला चिक्कीचा तुकडा भरवला. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. रुग्णालय जवळ होते म्हणून निभावले. डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिले, रात्रभर ठेवून घेतले. पुढे तपासण्या झाल्या आणि त्यांनी सांगितले, या मुलाला शेंगदाणा पूर्ण वर्ज्य. एक दाणासुद्धा नको.

आता हिचे सासर सोलापूर जिल्ह्यातले. तिकडे शेंगांच्या चटणीशिवाय भाकरी मोडत नाही. वांग्यात कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, सणाला शेंगांची पोळी, फोडणीला घाण्याचे तेल. हिने सासूबाईंना फोनवर सांगितले, ‘याला दाणे देऊ नका, त्रास होतो.’ सासूबाई ‘बरं’ म्हणाल्या. पण मनाला काही पटले नाही. ‘चार लेकरं वाढवली म्या. दाण्यानं कुणाला काय हुत नसतं. थोडं थोडं पोटात गेलं की सवय हुती,’ असे त्या जावेजवळ बोलल्या.

मुलगा पाच वर्षांचा झाला, त्या सुट्टीत गावी गेला. आजीने एका दुपारी वांग्याच्या भाजीत चिमूटभर कूट घातले आणि आपल्या हाताने नातवाला घास भरवला. नातू मोठेपणी सगळ्यांसारखा पंगतीत बसावा, हीच तिची इच्छा. थोड्याच वेळात मुलाचे डोळे सुजले, अंग लाल झाले. आजीला वाटले, दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळल्या. मग पित्त म्हणून अंगाला आमसूल चोळले. मग घरातली पित्ताची गोळी दिली. यात अर्धा तास गेला. श्वास घरघरायला लागला तेव्हा काकाने मोटारसायकलवर घालून तालुक्याला नेले. मूल वाचले. पण आईच्या मनातला भरवसा तुटला तो तुटलाच.

पुढची दोन वर्षे तिने मुलाला गावी पाठवले नाही. कामावर जाताना आठ वर्षांच्या मोठ्या मुलीच्या ताब्यात त्याला देऊन बाहेरून कडी लावून जायची. एकदा सगळे गावी एका लग्नाला गेले, तर हिने मुलाचा डबा घरूनच बांधून नेला. तो डबा बघून सासूबाई भर मांडवात म्हणाल्या, ‘आमच्या हातचं चालंना व्हय आता तुमास्नी?’

भगिनींनो, हे वाक्य आपल्या माणसांच्या तोंडून येते तेव्हा त्याला एक इतिहास असतो. आपल्या हातचे पाणी लोकांनी घेतले नाही. आपण शिवलेले अन्न टाकून दिले. हे आपल्या आजी-आजोबांनी पाहिले आहे, सोसले आहे. म्हणून आपल्या घरी कुणी घास नाकारला की तो काळजाला लागतो. त्यात पोटच्या लेकाचे लेकरू नाकारते, म्हणजे तर फारच. पण तो नकार माणसाला होता आणि हा नकार एका पदार्थाला आहे. त्यात आजीच्या हाताला कमीपणा नाही. एवढा फरक घरात बसून, शांतपणे, आजीला समजावून सांगायला हवा. तो कुणी सांगितला नव्हता. ‘देऊ नका’ एवढेच फोनवर सांगितले होते. दिले तर काय होते, कसे ओळखायचे आणि मग काय करायचे, यातले काहीच सांगितले नव्हते.

वाट निघाली ती अचानक. सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आल्या. त्याच आठवड्यात मुलाला दाखवायची तारीख होती. सून त्यांना बरोबर घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच खुर्चीवर बसवले आणि सगळे त्यांनाच समजावले. ओरडल्या नाहीत. तिथे आजी पहिल्यांदा रडल्या आणि म्हणाल्या, ‘मला वाटलं, पोरीला कौतुक लई.’

त्या दिवशी आजींना जे कळले, ते आपण सर्वांनी समजून घेतले पाहिजे.

शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या शरीरात ती यंत्रणा शेंगदाण्यालाच शत्रू समजते आणि एकदम उसळते. अंगावर गांधी, ओठ-जीभ-घसा सुजणे, उलट्या, पोटात कळ, दम लागणे, आवाज बसणे, चक्कर, मूल एकदम मलूल होणे, ही तिची लक्षणे. ती काही मिनिटांत, बहुधा दोन तासांच्या आत दिसतात. रक्तदाब उतरून किंवा श्वास कोंडून जीवही जातो. चिमूटभरानेसुद्धा हे होऊ शकते. मागच्या वेळी थोडक्यात निभावले म्हणून या वेळीही निभावेल, असे धरून चालता येत नाही. दाणे भाजले, उकडले, कुटले म्हणून धोका जात नाही. घाण्याच्या तेलातही दाण्याचा अंश राहतो.

‘हे आजकालचे नवे खूळ’ असेही काहीजण म्हणतात. तसे नाही. या तीव्र प्रतिक्रियेला ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव फ्रान्सच्या शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या शास्त्रज्ञांनी १९०२ साली दिले. त्या कामाबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे शंभरावर वर्षे हे शास्त्राला माहीत आहे. आपल्या गल्लीत ते उशिरा पोहोचले, इतकेच.

आता ‘थोडे थोडे दिले की सवय होते’ याबद्दल. यात अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्यच जास्त घात करते. लंडनला ६४० तान्ह्या बाळांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. ज्या बाळांना पुढे ही ॲलर्जी होण्याचा संभव जास्त होता, त्यांना वर्षाच्या आतच, तपासणी करून, दाण्याचे मऊ पदार्थ नियमित दिले, तर पाच वर्षांपर्यंत ॲलर्जीचे प्रमाण खूपच कमी झाले. पण हे ॲलर्जी जडण्याच्या आधीचे. एकदा ॲलर्जी जडली की घरी दिलेला चिमूटभर दाणा हा औषध नसून विषासारखा आहे. अशा मुलांना अगदी सूक्ष्म मात्रेने सवय लावण्याचे उपचार निघाले आहेत, पण ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होतात. चुलीपाशी होत नाहीत.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे औषध. अशा वेळी पहिले औषध ॲड्रेनलिनचे इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, जितके लवकर तितके चांगले. पित्ताच्या गोळीने खाज कमी होते, पण घशाची सूज आणि उतरलेला रक्तदाब तिने थांबत नाही. गोळीची वाट बघण्यात वेळ घालवू नये. मुलाला आडवे झोपवून पाय उंच करावेत. दम लागत असेल तर बसते ठेवावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. त्याला चालवू नये, पळवू नये, उचलून न्यावे. आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते. बरे वाटले तरी लगेच घरी आणू नये, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

परदेशात हे इंजेक्शन पेनासारखे तयार मिळते. आपल्याकडे ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. पण ॲड्रेनलिनची साधी कुपी स्वस्त असते. लस दिल्यावर एखाद्या बाळाला अशीच तीव्र प्रतिक्रिया आली तर हाताशी असावी म्हणून ती लसीकरणाच्या ठिकाणी ठेवतात. म्हणून मुलाला गावी पाठवण्याआधी एक काम करा. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, हे इंजेक्शन आहे का, रात्री कोण असते, फोन कोणता? डॉक्टरांनी कुपी आणि सुई घरी ठेवायला सांगितली असेल, तर ज्याच्याकडे मूल राहणार त्यालाही ती कशी द्यायची हे डॉक्टरांकडूनच शिकवून घ्या.

आता त्या घराकडे वळू. रुग्णालयातून आल्यावर सगळे लगेच गोड झाले नाही. सुनेने सासूबाईंना स्पष्ट सांगितले, ‘तुम्ही मुद्दाम केलं नाही, मला माहीत आहे. पण मला न सांगता केलंत. मी एकदम नाही सोडू शकणार त्याला.’ सासूबाई म्हणाल्या, ‘नगं सोडू. म्या करून दावते, मग बघ.’

आणि त्यांनी करून दाखवले. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. म्हणून नातवाचे ताट, वाटी, कढई, पळी आणि पिठाचा डबा यांना लाल चिंधी बांधली. लाल चिंधीच्या भांड्याला दाण्याचा हात लागायचा नाही. त्याचा स्वयंपाक आधी, बाकीच्यांचे कूट नंतर. मिक्सरच्या भांड्यात दाणे वाटले जातात म्हणून त्याची चटणी पाट्यावर, आणि पाटाही वेगळा. दाण्याला हात लागला की साबणाने धुवायचा, कारण नुसत्या पाण्याने तो अंश जात नाही. सून पहिल्या खेपेला चार दिवस बरोबर राहिली. पुढच्या सुट्टीत एक दिवस ठेवून शेजारच्या गावी बहिणीकडे गेली. मग एक रात्र. मग आठवडा. दर वेळी ती सासूबाईंना आणि धाकट्या दिराला विचारायची, ‘ओठ सुजले तर पहिलं काय करायचं?’ दोघे उत्तर द्यायचे. शाळेच्या परीक्षेसारखे.

भगिनींनो, विश्वास असाच बसतो. तो नात्याबरोबर आयता येत नाही आणि रुसव्याने मागून मिळत नाही. रांगणारे मूल जसे पाऊल पाऊल चालते, तसा तो चालतो. माया आजीजवळ भरपूर होतीच, माहिती नव्हती. माहिती द्यायचे काम आईवडिलांचे. इथे वडिलांनाही सांगते, हा निरोप सुनेच्या तोंडून गेला की ‘सुनेचे नखरे’ होतो. आपल्या आईला मुलानेच समोर बसून सांगावे. या घरात दोन वर्षे गप्प राहिला तो मुलगाच.

मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहिते. सगळे सांगूनही जो नातेवाईक हसतो, ‘काय होत नाही’ म्हणतो, गुपचूप घालून बघतो, त्याच्याकडे मूल एक तासही ठेवू नका. नाते कितीही जवळचे असो. त्याने राग धरला तर तो निघेल. मुलाचा गेलेला जीव परत येणार नाही.

मुलालाही शिकवा. ‘मला दाणे चालत नाहीत’ हे त्याने न लाजता म्हणावे, आणि अंगाला काही वेगळे वाटले तर लगेच सांगावे. चुलत-मावस भावंडांना ताकीद द्या, चेष्टेनेसुद्धा दाणा अंगावर टाकायचा नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे पाकीटबंद पदार्थात शेंगदाणा असेल तर ते पाकिटावर लिहावे लागते, ते वाचायची सवय लावा. पण लग्नाच्या पंगतीला, जयंतीच्या जेवणाला पाकीट नसते. तिथे विचारायलाच हवे.

गेल्या बुद्धपौर्णिमेला त्या गावच्या विहारात खीर वाटली. नातू पातेल्यापाशी रांगेत उभा होता. आजी काठी टेकत पुढे गेल्या आणि वाढणाऱ्या पोराला सगळ्यांच्या देखत विचारले, ‘ह्यात दाणं हैत का? कूट? पळी कशात बुडवली व्हती?’ पोरगा नीट सांगू शकला नाही. तेव्हा त्यांनी नातवाचा हात धरला, घरी नेला आणि लाल चिंधीच्या पातेल्यात त्याच्यासाठी वेगळी खीर शिजवली. सून त्या वेळी मुंबईत कामावर होती. तिला हे दुसऱ्या दिवशी फोनवर कळले.

ज्या आजींना वाचता येत नाही, त्यांना हा मजकूर घरातल्या कुणीतरी वाचून दाखवावा, एवढीच विनंती.

जयभीम.