अर्ध्या सेकंदाचा पहारा

सन २०२४ च्या मार्च महिन्यात आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्याच्या ध्यानात एक क्षुल्लक गोष्ट आली. दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत होता. दुसऱ्या कोणी काणाडोळा केला असता. या गृहस्थाने मूळ शोधले. तेव्हा ‘एक्सझेड यूटिल्स’ या, असंख्य लिनक्स संगणकांत वापरल्या जाणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा आढळला. २९ मार्चला त्याने तो उघड केला आणि ५.६.० व ५.६.१ या दूषित आवृत्त्या तातडीने मागे घेण्यात आल्या. त्या मुख्यतः चाचणीच्या टप्प्यावरच होत्या, म्हणून अनर्थ टळला.

चोराची रीत पाहण्याजोगी आहे. ‘जिया तान’ या नावाने वावरणारी व्यक्ती दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे उपयुक्त कामे करीत होती. मूळ सॉफ्टवेअर एकच माणूस, तेही विनावेतन, सांभाळीत होता. काम मंदावले आहे, ते दुसऱ्याच्या हाती द्या, असा तगादा निरनिराळ्या नावांनी त्याच्यामागे लावण्यात आला आणि अखेर घराच्या किल्ल्या परक्याकडे गेल्या. अशा फुकटच्या श्रमांवर इमले चढविणाऱ्या धनाढ्य कंपन्यांना या गोष्टीची लाज वाटावयास हवी!

दूषित माल मागे घेतला की प्रश्न मिटला, हा समज घातक होय. सप्टेंबर २०२५ मध्ये एका विकसकास बनावट पत्र पाठवून ‘एनपीएम’ भांडारातील १८ पॅकेजे नासविण्यात आली. काही तासांतच ती काढली गेली; तथापि तेवढ्या अवधीत ज्यांनी ती उचलली, त्यांच्या यंत्रांत ती राहिलीच. दूषित आवृत्ती जेथे चालली, तेथील परवलीचे सर्व शब्द बदलणे हाच खरा उपाय. परंतु आपल्या घरात काय आले हेच ज्यास ठाऊक नाही, तो काय बदलणार?

आपल्या ‘सर्ट-इन’ संस्थेने सॉफ्टवेअरच्या घटकयादीविषयी ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शिका काढली, हे योग्यच झाले. पण आमच्या मते मार्गदर्शिकेने भागणार नाही. घटकयादी दिल्यावाचून सरकारी देयक चुकते होऊ नये, अशी अट प्रत्येक करारात असली पाहिजे. जर्मनीने २०२२ साली अशा सॉफ्टवेअरच्या निगेसाठी सरकारी निधी उभारला. आपल्या अर्थमंत्र्यांनीही येत्या अंदाजपत्रकात तशी तरतूद करावी.